ज्वारी गव्हापेक्षा महाग, मग शेतकरी ज्वारी का पेरत नाही?

दिवाळीच्या आसपास पेपरात दोन बातम्या हमखास येतात. एक, सोयाबीन हमीभावाच्या खाली गेलं. दुसरी, ज्वारी महागली, भाकरी आता गरिबाची राहिली नाही वगैरे. वाचणाऱ्याला साहजिकच वाटतं की अरे, इकडं सोयाबीनला भाव नाही, तिकडं ज्वारी मिळत नाही, तर ही माणसं सोयाबीन सोडून ज्वारी का लावत नाहीत, एवढं सोपं गणित कसं कळत नाही यांना. गेल्या महिनाभरात मला हे तीन जणांनी विचारलं, आणि त्यातला एक शेतकऱ्याचाच पोरगा आहे, पुण्यात आयटीत असतो.

उत्तर एका ओळीत देता येत नाही. बाजार आणि जमीन या दोन्ही गोष्टी एकत्र बघाव्या लागतात, आणि आपल्याकडं बाजारावर बोलणारे लोक वेगळे, मातीवर बोलणारे वेगळे.

## आधी कोरडवाहू म्हणजे काय ते

ज्या शेताला विहीर, बोअर, कॅनॉल काहीच नाही, फक्त पाऊस, ती कोरडवाहू. महाराष्ट्रातली ऐंशी टक्क्यांच्या आसपास शेती ही अशी आहे. म्हणजे ऊस-द्राक्षांचे फोटो कितीही बघितले तरी खरा महाराष्ट्र हा आभाळाकडं बघणारा आहे.

आता पाऊस तर तीन-चार महिने, तोही सलग नाही. मग पीक जगतं कशावर? मातीत साठलेल्या ओलीवर. काळी माती म्हणजे जमिनीत पुरलेला रांजण समजा. पावसात भरतो, नंतर पीक त्यातून हळूहळू पितं. तीन फूट खोल काळी असेल तर रांजण मोठा, वर वीतभर माती आणि खाली मुरूम असेल तर तांब्या. सोलापूर, बीड, धाराशिवकडची रब्बी ज्वारी हस्त नक्षत्राच्या, म्हणजे सप्टेंबरअखेर-ऑक्टोबरच्या आगेमागे पेरतात, नंतर पाऊस पडला तर बोनस, नाहीतर थंडीभर ती या रांजणावरच उभी असते. मालदांडी या रब्बी ज्वारीचं एम ३५-१ हे वाण १९३०च्या दशकात मोहोळला निवडून काढलं, आणि इतक्या वर्षांनी अजून पेरलं जातं, यातच सगळं आलं.

हा रांजण लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

## ज्वारी गेली कुठं?

एके काळी राज्यात ज्वारी ६० लाख हेक्टरच्या वर होती. आज त्याच्या एक तृतीयांशही नाही. सोयाबीन दुसऱ्या बाजूनं वाढत वाढत ५० लाख हेक्टरच्या आसपास पोचलं. हे एका रात्रीत झालं नाही, आणि शेतकऱ्याला वेड लागलं म्हणून तर अजिबात झालं नाही.

रेशनवर गहू-तांदूळ स्वस्त आले. २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्यात तांदूळ ३ रुपये, गहू २ रुपये आणि भरडधान्य १ रुपया किलो असे दर होते, आता तर फुकटच आहे. कायद्यात भरडधान्य होतं बरं का, पण पोत्यात बहुतेक गहू-तांदूळच आला. घरात फुकट गहू येत असेल तर ज्वारी खाण्यासाठी म्हणून कोण पेरणार?

खरीप ज्वारीचं तर वेगळंच दुखणं. १९६४ ला सीएसएच-१ हे पहिलं हायब्रीड आलं, उतारा भरपूर, पण कणसं तयार व्हायला आणि परतीचा पाऊस यायला एकच गाठ पडली की दाणा काळा पडतो. काळी ज्वारी माणूस खात नाही, ती कोंबड्यांच्या खाद्याला जाते, भावही तसाच.

आणि काढणी. हे शहरात कुणाला कळतच नाही. रब्बी ज्वारी हातानं उपटायची, पेंढ्या बांधायच्या, कणसं मोडायची, मग मळणी. फेब्रुवारीच्या उन्हात हे काम करायला आज मजूर मिळत नाही, मिळाला तर उक्तं मागतो. त्यात पाखरं. शेजारच्या कुणीच ज्वारी लावली नसेल आणि तुम्ही एकट्यानं दोन एकर लावली तर पंचक्रोशीतली सगळी पाखरं तुमच्याच रानात जेवायला. पूर्वी सगळ्या शिवारात ज्वारी असायची तेव्हा नुकसान वाटलं जायचं, आता एकट्याच्या डोक्यावर. म्हणजे ज्वारी कमी झाली म्हणूनच ती अजून कमी होत जाते.

सोयाबीन शंभर दिवसांत निघतं, मळणी मशीनवर होते, पाखरं येत नाहीत, आणि दिवाळीच्या तोंडावर पैसा हातात. कृषी सेवा केंद्राची उधारी नेमकी तेव्हाच द्यायची असते.

## भाव चांगला असणं वेगळं आणि माल विकला जाणं वेगळं

इथं मुख्य मुद्दा आहे. अर्थशास्त्रात एक शब्द आहे, 'पातळ बाजार'. म्हणजे ज्या मालाचे घेणारे-देणारे थोडे, रोजची उलाढाल थोडी, आणि म्हणून चार गाड्या जास्त आल्या तरी भाव गडगडतो.

सोयाबीनचा बाजार एसटीसारखा आहे. गर्दी असते, खिडकी तुटलेली असते, पण रोज सुटते. तुम्ही कुठल्याही दिवशी ट्रॉली घेऊन गेलात तरी संध्याकाळपर्यंत लिलाव होतो, पट्टी म्हणजे विक्रीची पावती हातात पडते, कारण मागं तेलगिरण्या बसल्यात, त्यांना रोज माल पाहिजे. ज्वारीचं तसं नाही. चांगली पांढरीशुभ्र मालदांडी ठरावीक बाजारपेठेत, ठरावीक दिवसांत, ठरावीक व्यापारी घेतात. तुम्ही दुकानात बघता तो भाव निवडलेल्या, साफ केलेल्या, पॅक केलेल्या मालाचा आणि तोही माल कमी असल्यामुळं. भाव चढलाय तो पेरा कमी झाला म्हणूनच. उद्या सगळ्यांनी पेरली तर?

## "गेल्या वर्षी भाव होता"

सगळ्यांनी पेरलं की काय होतं ते तुरीनं दाखवलंय. २०१५ च्या शेवटी तूरडाळ किरकोळीत २०० रुपयांपर्यंत गेली होती, आठवत असेल. सगळ्यांनी २०१६ च्या खरिपात तूर लावली, पाऊसही चांगला झाला, आणि २०१७ च्या सुरुवातीला बाजारात तुरीचा पूर आला. बोनस धरून हमीभाव होता ५,०५० रुपये क्विंटल आणि बाजारात त्याच्या बरंच खाली. खरेदी केंद्रांबाहेर ट्रॅक्टरच्या रांगा, रात्र रात्र मुक्काम, आणि मधेच बारदाना संपला म्हणून खरेदी बंद. पोती नाहीत म्हणून. डाळींची निर्यात २००६ पासून बंद होती, ती उघडेपर्यंत शेतकऱ्यानं तूर विकून टाकलेली होती.

याला मी भावाचा झोका म्हणतो. गेल्या वर्षीचा भाव बघून यंदा पेरायचं, पण भाव ठरणार यंदाच्या पिकावर. स्टँडवर एका रिक्षावाल्याला लांबचं भाडं मिळालं म्हणून दुसऱ्या दिवशी सगळ्यांनी त्याच कोपऱ्यावर रिक्षा लावाव्यात तसं. कारखानदार उत्पादन महिन्यात कमीजास्त करतो, शेतकरी एकदा पेरून बसला की चार-सहा महिने अडकला.

## शिकागोत काय झालं त्याचा बार्शीशी काय संबंध?

खूप आहे. सोयाबीन आपण तेलबी म्हणतो पण त्यात तेल जेमतेम १८-२० टक्के, बाकी पेंड. ती पेंड कोंबड्या खातात. जगात सोयाबीन पिकवणारे मोठे गडी म्हणजे ब्राझील, अमेरिका, अर्जेंटिना, तिथं पीक उदंड आलं की शिकागोच्या वायदेबाजारात भाव पडतो आणि आपल्या पेंडेला बाहेर गिऱ्हाईक राहत नाही. अलीकडं अजून एक भर पडलीय, मक्यापासून इथेनॉल काढल्यावर जो चोथा उरतो तो स्वस्त पशुखाद्य म्हणून सोयापेंडेच्या जागी जातोय. म्हणजे पेट्रोलमध्ये काय मिसळायचं हे दिल्लीत ठरतं आणि लातूरला सोयाबीन पडतं.

वर सरकारचं धोरण. ऑगस्ट २०२१ मध्ये काही बाजारांत सोयाबीन क्विंटलला १०,००० च्या घरात गेलं होतं. पोल्ट्रीवाले ओरडले, केंद्रानं त्याच महिन्यात १२ लाख टन पेंड आयातीला परवानगी दिली, आणि दोन महिन्यांत नवीन माल येईपर्यंत भाव निम्म्यावर. पोल्ट्रीवाल्यांचंही खोटं नव्हतं, खाद्य महागलं की अंडं महागतं. पण शेतकऱ्यानं त्या वर्षी जो धडा घेतला तो कुठलाही कृषी अधिकारी पुसू शकणार नाही: भाव चढला की कुणीतरी तो पाडणार.

## यात जमिनीचं काय बिघडतं?

बाजार समितीची पट्टी कधी नीट वाचलीय का? वजन, दर, हमाली, तोलाई, निव्वळ रक्कम. बास. त्या मालाबरोबर रानातून काय गेलं याचा रकाना नसतो.

एक करून बघा, मी उन्हाळ्यात चुलत्यांच्या रानात केलं. दोन काचेचे ग्लास पाण्यानं भरले. एकात बांधावरचं, जिथं कायम गवत असतं तिथलं वाळलेलं ढेकूळ अलगद सोडलं. दुसऱ्यात तेवढंच ढेकूळ रानाच्या मधलं, जिथं दहा-बारा वर्षं सोयाबीनवर सोयाबीन चाललंय. मधलं ढेकूळ मिनिटभरात फसाफसा विरघळलं, ग्लास चहासारखा गढूळ. बांधावरचं तसंच बसून राहिलं, चार बुडबुडे आले फक्त. काका बघत होते, म्हणाले, "एकाच शिवारातली माती हाय व्हय ही?"

फरक सेंद्रिय कर्बाचा. सेंद्रिय कर्ब म्हणजे मातीत कुजलेला पालापाचोळा, मुळं, शेण यांचा अंश, जो मातीच्या कणांना धरून ठेवतो. आपल्या बऱ्याच कोरडवाहू रानांत तो अर्ध्या टक्क्याच्याही खाली आहे. तो गेला की पहिल्या मोठ्या पावसात मातीचा वरचा थर विरघळतो, छिद्रं बुजतात, पाणी आत मुरायच्या ऐवजी वरून पळतं आणि जाताना माती घेऊन जातं. देशात दर हेक्टरी वर्षाला सरासरी १६ टनांच्या वर माती हलते असा १९८३ चा एक गाजलेला अंदाज आहे. एकरी हिशेब केला तर साडेसहा टन, म्हणजे साधारण दोन ट्रॉल्या. जाडीत बघाल तर जेमतेम एक-सव्वा मिलिमीटर, म्हणून दिसत नाही.

आणि आता तो रांजण आठवा. माती गेली म्हणजे रांजण लहान झाला. तेवढाच पाऊस, पण साठवण कमी, म्हणजे पंधरा दिवसांचा खंड जो पूर्वी पीक सहन करायचं तो आता सहन होत नाही. मग आपण म्हणतो दुष्काळ पडला. कधी कधी दुष्काळ आभाळातून नाही, रानातून येतो.

पिकाची फेरपालट हा यावरचा जुना इलाज. आपल्याकडं 'बेवड' हा शब्द आहे, आधीच्या पिकानं मागं ठेवलेली जमिनीची स्थिती. तुरीचा बेवड चांगला कारण मुळं खोल जातात आणि पानं गळून रान झाकतं. पण बेवडाला पट्टीवर भाव नाही. कडब्याला आहे थोडा, पण बैल गेले, ट्रॅक्टर आला, शेणखत गेलं, मग कडबा कुणासाठी?

अजून एक गोष्ट यात कुणी धरत नाही, ती म्हणजे जमीन कसतो कोण. पोरं शहरात, म्हातारा-म्हातारी गावात, रान ठोक्यानं दिलेलं, वर्षाच्या करारानं. भाड्याच्या खोलीला कुणी रंग देतं का? तसंच ठोक्याच्या रानात कुणी बांध घालत नाही, शेणखत टाकत नाही. एका वर्षात निघेल तेवढं काढायचं. मालकाला ठोक्याची रक्कम मिळाली की तो खूश, आणि मी हे लिहिताना आमच्याच घरातल्या एका तुकड्याबद्दल लिहितोय हे मला माहितीय.

## "पण सोयाबीन तर जमिनीला नत्र देतं ना?"

हा आक्षेप बरोबर आहे, अर्धा. मुळांवरच्या गाठी हवेतला नत्र धरतात हे खरं. पण सोयाबीनच्या दाण्यात ४० टक्क्यांच्या आसपास प्रोटीन असतं, आणि प्रोटीन म्हणजेच नत्र, त्यामुळं धरलेल्यातलं बरंचसं पोत्यात भरून बाजारात जातं. सोयाबीन काही खलनायक नाही. सोयाबीनमागं सोयाबीन, मधे तुरीची ओळ नाही, नंतर ऑक्टोबर ते जून रान उघडं, भुसकट सुद्धा पेटवून दिलेलं, हा खरा घोळ आहे.

## "पूर्वीची शेती बरी होती"

नव्हती. निदान सगळीकडं नव्हती. रब्बी ज्वारीसाठी भारी काळं रान पावसाळाभर मोकळं ठेवायची पद्धत होती, नुसत्या कुळवाच्या पाळ्या घालायच्या. त्या मोकळ्या रानावर जुलै-ऑगस्टचा पाऊस पडायचा तेव्हा मातीही जायची. हैदराबादजवळ पटानचेरूला इक्रिसॅट ही कोरडवाहू पिकांची आंतरराष्ट्रीय संस्था आहे, तिथं १९७६ पासून शेजारशेजारच्या पाणलोटांत दोन पद्धती चालवून बघितल्या. एकात जुनी पद्धत, पावसाळ्यात पड आणि नंतर रब्बी. दुसऱ्यात रुंद वरंबा-सरी म्हणजे आपलं बीबीएफ, उताराला धरून पाणी बाहेर काढणं, ज्वारीत तूर असं आंतरपीक, वेळेवर खत. जुन्या पद्धतीत हेक्टरी टनभर धान्य, सुधारितमध्ये ५ टनांच्या आसपास. आणि वाहून जाणारी माती जुन्यात हेक्टरी ६ टनांच्या वर, नव्यात दीड टनाच्या आसपास. म्हणजे जमीन राखायची तर उत्पन्न सोडावं लागतं हा समजही चुकीचा. पण ही पद्धत राबवायला मजूर, अवजार, वेळेवर पैसा आणि दोन-तीन पिकांना गिऱ्हाईक लागतं, आणि घोडं तिथंच अडतं.

## "हमीभाव वाढवा, प्रश्न संपला"

हमीभाव म्हणजे सरकारनं जाहीर केलेला किमान दर. २०२५-२६ साठी सोयाबीन ५,३२८, तूर ८,०००, ज्वारी हायब्रीड ३,६९९ आणि मालदांडी ३,७४९ रुपये क्विंटल. कागदावर सगळ्यांना हमी. पण जाहीर करणं आणि खरेदी करणं यात जमीन-अस्मानाचं अंतर आहे. शांताकुमार समितीनं २०१५ च्या अहवालात म्हटलं होतं की सरकारी यंत्रणेला हमीभावानं माल विकलेले शेतकरी देशात फक्त ६ टक्के. नुसता आकडा वाढवून खरेदी केंद्र वेळेत उघडलं नाही, ओलावा १२ टक्क्यांच्या वर म्हणून माल परत पाठवला, तर शेतकरी दाराशी आलेल्या व्यापाऱ्यालाच देतो.

त्यापेक्षा कमी गाजावाजा झालेली एक सोय आहे, शेतमाल तारण. कृषी पणन मंडळाची ही योजना १९९०च्या सुमारापासून आहे. माल बाजार समितीच्या गोदामात ठेवायचा, किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत कर्ज ६ टक्क्यांनं घ्यायचं, भाव सुधारला की विकायचं. उधारी फेडायच्या घाईत ऑक्टोबरमध्ये मातीमोल विकायची वेळ येत नाही. अडचण एवढीच की गोदाम जवळ पाहिजे, समिती उत्साही पाहिजे, आणि भाव सुधारलाच नाही तर ठेवून काही उपयोग नाही.

## "पाणी आणा, सगळं सुटेल"

पाणी आलं की कोरडवाहू शेती सुधारत नाही, ती बागायती होते. आणि बागायती झाली की ऊस येतो, कारण उसाला कारखाना आहे, एफआरपी म्हणजे उसाच्या किमान दराचा कायदा आहे, म्हणजे पुन्हा तीच एसटी, रोज सुटणारी. २०१६ ला लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, त्या पट्ट्यातही ऊस होताच. उलटं उदाहरण हिवरे बाजारचं, पोपटराव पवारांचं गाव. तिथं ग्रामसभा दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडते आणि त्यावर पिकं ठरतात, ऊस-केळी नाही, शेतीसाठी बोअर नाही. जमलं कारण गाव बसलं आणि ठरवलं. पाणी अडवणं मशीननं होतं, पाणी वापरायचं कसं हे भांडून ठरवावं लागतं.

## "मग आम्ही शहरात भाकरी खाल्ली तर?"

खा की. पण २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष झालं, मिलेट कुकीज आल्या, मिलेट नूडल्स आले, पाकिटावर शेतकऱ्याचा हसरा फोटो आला आणि पाकिटात ज्वारी किती तर मागं बारीक अक्षरात. हौसेच्या मागणीवर कुणी पाच एकर पेरत नाही. ओडिशानं २०१७ पासून वेगळं केलं, मिलेट मिशनमध्ये नाचणी सरकारनं हमीभावानं उचलली आणि रेशनवर, अंगणवाडीत लाडू करून लोकांना दिली. म्हणजे एसटी सुरू केली. गिऱ्हाईक कायमचं आहे म्हटल्यावर पेरणारे आले.

काकांना मी हे सगळं सांगितलं, ग्लासवाल्या दिवशीच. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. यंदा त्यांनी सहापैकी एक एकर ज्वारीला ठेवलाय, बाजारासाठी नाही. दोन म्हशी आहेत, कडबा त्यांना, दाणा घरात. राहिलेल्या पाचात सोयाबीनच आहे, फक्त चार ओळींनंतर दोन ओळी तुरीच्या टाकल्यात, आणि भुसकट पेटवलेलं नाही.